शेवंताक्कांच्या जीपची डावी सीट

जीप सुरू करण्याआधी शेवंताक्का डावीकडच्या सीटला सांगायच्या, "बसा नीट." त्या सीटवर कुणी नसायचं. मागच्या बाकांवर बाजाराला निघालेल्या बाया, पोती, एखादं कोकरू अशी दाटी झालेली असायची, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत घुसलेलं असायचं, तरी पुढची डावी सीट मोकळीच. जीपला दारं नव्हती. डाव्या बाजूला एक चामडी पट्टा आडवा लावलेला होता. तो आक्का स्वतः अडकवायच्या, ओढून बघायच्या, मग बोनेटला वळसा घालून आपल्या जागेवर चढायच्या. लुगड्याचा घोळ पायांत येऊ नये म्हणून तो मांडीखाली दाबायच्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेला सांगायच्या, "बसा नीट."

मग जीप निघायची. वळण आलं की "धरा." खड्डा आला की "सोसा जरा." मागच्या बायांना याची इतकी सवय झाली होती की त्या आपापसांत भांडत असल्या तरी 'धरा' ऐकलं की तोंड न थांबवता दांडा धरायच्या.

मी कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला ब्रेकचं काम करतो. पुण्याकडची पोरं मोठाले टायर लावलेल्या जुन्या जीप घेऊन माझ्याकडे येतात, त्या चिखलात घालतात, डोंगरावर चढवतात आणि त्याचे रील काढतात. गाडी थांबवायचीही असते हे त्यांना बऱ्याच उशिरा सुचतं, आणि त्यावरच माझं पोट चालतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझा विश्वास रबरी वाशरवर आहे, कारण तो फाटला की डोळ्यांना दिसतो. आक्का पहिल्यांदा आल्या तेव्हाही मी असाच होतो.

विट्याच्या वरच्या अंगाला डोंगरावर त्यांची वाडी. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, अलीकडे थोडी शेती. जीप त्यांच्या नवऱ्याने लष्कराच्या लिलावात घेतलेली. तो फौजेत ड्रायव्हर होता आणि मी त्यांना ओळखायला लागलो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. आक्का बाजाराच्या दिवशी वाडीतल्या बाया खाली न्यायच्या, त्यांचं सामान वर आणायच्या. त्या दिवशी त्या मागच्या चाकातून ऑइल गळतं म्हणून आल्या होत्या. इतक्या लांब का आलात, विचारलं तर म्हणाल्या, "आवं, तिकडचं मिस्तरी ऐकत न्हाईत. सांगावं चाकाचं, आन त्ये ब्रेक खोलून बसत्यात."

मीही सवयीने पेडलला हात लावलाच. ब्रेकचं पेडल सुरुवातीला बोटभर मोकळं जायला हवं, त्याला आम्ही प्ले म्हणतो. या जीपला प्ले अजिबात नव्हता. पाय टेकवला की ब्रेक. शिवाय सिलिंडरही जुना, एका कप्प्याचा. चारातल्या कुठल्याही चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो, तसला. मी म्हटलं, "आक्का, हा मास्टर सिलिंडर बदला. दोन कप्प्यांचा मिळतो. निम्मा गेला तरी निम्मा गाडी धरतो."

"गळतंय त्येवडं बघा," आक्का म्हणाल्या. "मला धरनारं हाय."

त्यांच्या वाडीत एकाचा ट्रॅक्टर बघायचं कबूल केलं होतं, म्हणून काम झाल्यावर मी त्यांच्याच जीपमध्ये मागे बसून निघालो. विट्यात बाया भरल्या. घाट सुरू झाला. तिथे वरच्या बाजूला चिलारीच्या काट्यांनी भरलेलं एक वळण आहे. त्या वळणावर जीपचा वेग कमी व्हायला लागला. इंजिन जोर करत होतं आणि चाकं ऐकत नव्हती. मागून मला आक्कांचे पाय दिसत नव्हते म्हणून मी वाकून पाहिलं. ब्रेकच्या पेडलवर त्यांचा पाय नव्हता. जीप मात्र कुणीतरी सावकाश ब्रेक दाबावा तशी थांबली.

बाया गप्प झाल्या. हे मला जास्त खटकलं, कारण तोवर त्या एक क्षण गप्प नव्हत्या. आक्का उतरल्या, कमरेची चंची काढली, तंबाखूला चुना लावून मळला, एक चिमूट कडेच्या दगडावर ठेवली आणि दुसरी स्वतः तोंडात टाकून तिथेच बसून राहिल्या. वारा पडला होता. दरीत कुठेतरी मेंढरांची घंटा वाजत होती, पण मेंढरं दिसत नव्हती. बऱ्याच वेळाने आक्का उठल्या, "चला" म्हणाल्या, आणि जीप काही न झाल्यासारखी चढायला लागली.

ट्रॅक्टर बघून झाल्यावर त्यांच्या अंगणात चहा पिताना मी त्यांना कारण सांगितलं. या जीपचा मास्टर सिलिंडर पायाखाली, सायलेन्सरच्या नळीजवळ असतो. चढाला नळी तापते, सिलिंडर तापतो, आतलं ब्रेक ऑइल फुगतं. प्ले असला तर फुगलेलं ऑइल वरच्या डबीत परत जातं. प्ले नसला तर त्याची वाट बंद होते आणि कुणी पाय न लावता ब्रेक लागतो. तुम्ही तंबाखू खाईपर्यंत सिलिंडर निवतो आणि ब्रेक सुटतो. एवढंच आहे, आक्का.

आक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आसंल," त्या म्हणाल्या. "पर हितंच का?"

"तिथे चढ संपतो. तिथेच सगळ्यात जास्त तापतो."

"आन पुसाच्या थंडीत, सकाळच्या पारी, आंगावर काटा येतोय तवा?"

मी कप खाली ठेवला. मग त्यांनीच सांगितलं. नवरा त्यांना जीप शिकवत होता. तो डाव्या सीटवर, त्या उजव्या. घाट उतरताना त्या वळणावर पेडल एकदम खाली गेलं. एका चाकाची नळी फुटली आणि चारही ब्रेक गेले. तो ओरडला, "डोंगराला घाल!" त्यांनी जीप डोंगराला घातली. उतरताना डोंगर डाव्या हाताला होता. "मला म्हनाले डोंगराला घाल," आक्का म्हणाल्या, "आन डोंगर त्येंच्याच बाजूला हुता. त्येनास्नी ठावं हुतं." त्या नवऱ्याचं नाव घेत नसत. हे, त्येनी, एवढंच.

शेजारी बसलेल्या माणसाचा उजवा पाय संकटात आपोआप दाबला जातो. ब्रेक नसला तरी माणूस पत्राच दाबतो. आक्कांच्या जीपमध्ये डाव्या सीटपुढच्या पत्र्याला पायाएवढा खड्डा होता. मी तो त्या दिवशी पाहिला. नंतर दर वेळी जीप कामाला आली की तो मला थोडा जास्त खोल वाटायचा. पत्रा जुना होता, गंजत होता, असं मी स्वतःला सांगायचो.

त्या सीटवर एकदा एक बकऱ्यांचा व्यापारी हट्टाने बसला होता, ही गोष्ट मला बायांनी सांगितली. धट्टाकट्टा माणूस, बोलायला मोठा. मागे जागा नव्हती, म्हणून पट्टा काढून सरळ पुढे बसला. आक्का नेहमीसारखं "बसा नीट" म्हणाल्या. चिलारीच्या वळणावर जीप थांबली तशी तो उतरला आणि मागे येऊन बकऱ्यांच्या मधे उकिडवा बसला. काय झालं म्हणून बायांनी विचारलं तर एवढंच म्हणाला, "तितं जागा न्हाई."

मी सिलिंडरचा विषय काढत राहिलो. आक्का टाळत राहिल्या. "गाडी पळवाय कुनीबी पळवतंय, मिस्तरी. थांबवाय मानूस लागतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा मी वैतागून म्हटलं, एक दिवस ती नळी पुन्हा फुटेल, तेव्हा कोण थांबवणार? त्या म्हणाल्या, "फुटली तर फुटली. माजा एकलीचाच जीव हाय." मागे बसणाऱ्या बायांचं काय, हे मी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी बाया न्यायचं बंद केलं. वाडीतल्या बायांनी त्याबद्दल मला भरपूर शिव्या दिल्या.

मग एका सकाळी गॅरेज उघडतोय तोच जीप दारात. आक्का खाली उतरल्या, पट्ट्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बदला," म्हणाल्या. "त्यो दोन कप्प्यांचा बसवा."

मुलगा फौजेत, लांब. घरात सून रूपाली, दिवस भरत आलेले. वाडीवर दुसरी गाडी नाही. पावसात घाट उतरून रूपालीला विट्याला न्यायचं ते आक्कांनाच. "आता एकलीचा जीव न्हाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्यो बसवल्यावर गाडी आपली आपन थांबायची न्हाई न्हवं?"

"नाही, आक्का. प्ले नीट ठेवणार. सिलिंडरही वर घेणार, बोनेटखाली, सायलेन्सरपासून लांब. तापायचाच नाही."

"मंग हे थांबवनार न्हाईत मला." एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या. ब्रेक नीट करून देताना कुणाचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

सिलिंडर सांगलीहून मागवला. जुना काढला तेव्हा आत फाटलेलं रबर आणि काळं पडलेलं ऑइल निघालं. हा अजून चालत होता कसा, ते मला सांगता येणार नाही. नव्यासाठी बोनेटखाली पाटी जोडली, पेडल वरून टांगलं, पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या नळ्या टाकल्या. जीपच्या तळाचा पत्रा डागताना डाव्या बाजूचा तो खड्डाही ठोकून सपाट करू का, असं विचारलं. आक्का घाईने म्हणाल्या, "नगा! त्येनी पाय कुटं ठिवायचा?"

शेवटी ब्रेकची हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल सैल करून हवा आणि ऑइल बाहेर काढायचं, निपल आवळायचं, मग "सोडा" म्हणायचं. आक्का पेडलवर बसल्या. मी म्हणायचो "दाबा", त्या म्हणायच्या "दाबलंय". मागची दोन्ही चाकं झाली, पुढचं उजवं झालं. पुढच्या डाव्या चाकाशी मी पाठीवर आडवा झालो आणि म्हटलं, "दाबा." उत्तर आलं नाही. पण निपल सैल करताच बाटलीत ऑइलची पिचकारी बसली. "सोडा." "दाबा." पुन्हा पिचकारी. आधी बुडबुडे, मग निर्मळ. पेडल दाबणारा पाय सरावलेला होता. कुठे घाई नाही, कुठे ढिलाई नाही. फौजेतल्या ड्रायव्हरांना हे काम असं येतं. आक्का आता शिकल्या, असं मनाशी म्हणत मी बाहेर सरकलो.

सीटवर कुणी नव्हतं. आक्का रस्त्यापलीकडून चहाचे दोन कप सांभाळत येत होत्या.

"कधी उतरलात?"

"तुमी ह्या बाजूला आलासा तवाच. च्या आनते म्हनून सांगितलं की. ऐकू आलं न्हाई व्हय?"

"मग पेडल कुणी दाबलं?"

आक्का थांबल्या. कपातला चहा बशीत सांडला. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्येनी दाबलं आसंल," त्या म्हणाल्या. "त्येंचं कामच त्ये." आणि तिथेच, हायवेच्या गाड्या अंगावरून जात असताना, त्या रडायला लागल्या. रडत रडत हसत होत्या. "म्हंजी त्येंच्याबी मनात हाय बदलायचं. मी उगं भीत हुते."

उघड्या निपलमधून ऑइल आपोआपही गळतं, हे मला माहीत आहे. थेंब थेंब गळतं. पिचकारी मारत नाही. त्यांच्या हातातला चहा घेतला आणि निपल पुन्हा एकदा आवळून आलो.

गाडी घाटात तपासायला मी त्यांच्यासोबत गेलो. ऊस संपला, माळ लागला, चढ लागला. चिलारीचं वळण आलं आणि जीप तशीच पुढे निघाली. कुठे अडली नाही, कुठे जड झाली नाही. मागून मला आक्कांचे खांदे दिसत होते. वळण संपल्यावर त्यांनी स्वतः ब्रेक दाबला, जीप मागे घेतली आणि दगडापाशी उभी केली.

तंबाखूची चिमूट दगडावर ठेवून झाल्यावर त्यांनी डाव्या बाजूचा पट्टा काढला. मी तो काढलेला पहिल्यांदाच बघत होतो.

"उतरा आता," आक्का म्हणाल्या. आवाज घरात बोलावं तसा. "सुनंला न्यायची हाय. माजं ध्यान रस्त्याव पायजे, तुमच्याव न्हाई. तुमी हितं बसा सावलीला. आता मला थांबवू नगा." पट्टा गुंडाळत म्हणाल्या, "मला घिऊन निघत्याल तवा थांबवा."

डावीकडच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा कुरकुरला. माणूस उतरल्यावर जीपचं एक अंग उचलतं, तेवढं ते उचललं. उन्हात उभ्या गाडीचं लोखंड आवाज करतंच, पण मी मागच्या बाकावर बसलेलो होतो आणि ते मला बुडाखाली कळलं.

"या म्होरं, मिस्तरी," आक्का चढताना म्हणाल्या. "शीट मोकळी हाय."

"राहू द्या. मागे बरं वाटतंय."

"इश्वास न्हाई म्हनत हुता की!" त्या मोठ्याने हसल्या. मी मागेच बसलो.

रूपालीला न्यायची वेळ भर पावसात आली. घाटात दरडीचा दगड उडून जीपखाली लागला आणि मागच्या चाकांची नळी चिरली. पेडल निम्मं खाली गेलं. पण पुढचा कप्पा शाबूत होता, त्याने जीप धरली, आणि आक्का पहिल्या गिअरमध्ये सावकाश विट्याला पोचल्या. मुलगी झाली. नळी बदलायला आल्या तेव्हा मला पेढा देऊन म्हणाल्या, "निम्मा गेला तरी निम्मा धरतोय, खरं बोलला तुमी. माजंबी तसंच चाललंय की."

पुढे त्यांनी रूपालीला जीप शिकवली. त्या डाव्या सीटवर बसायच्या, पाय त्या खड्ड्यात. खड्डा मोठा, त्यांचा पाय लहान. रूपाली सासूला आत्या म्हणते; ती सांगते, वळणावर आत्या तोंडाने काही बोलायच्या नाहीत, फक्त पाय दाबायच्या, आणि तेवढ्यावर कळायचं. बाजाराच्या बाया पुन्हा बसायला लागल्या. चिलारीच्या वळणावर जीप कधी अडली नाही. आक्का तिथे आल्या की दगडाकडे बघून नुसती मान हलवायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आक्का कोकरांना पाला टाकता टाकता बसल्या, त्या उठल्या नाहीत. मला फोन आला. सावडायच्या दिवशी मी वाडीवर गेलो. अस्थी कराडला संगमावर न्यायच्या होत्या. मडकं रूपालीने डाव्या सीटवर ठेवलं, शेजारी आक्कांची चंची ठेवली, आणि पट्टा अडकवून ओढून बघितला. मुलगा, भावकीतले दोघे आणि मी मागे बसलो. रूपालीने स्टिअरिंग धरलं आणि न ठरवता म्हणाली, "बसा नीट."

उतार होता, सकाळ गार होती, इंजिन नीट तापलंही नव्हतं. चिलारीच्या वळणावर जीप हळू झाली आणि थांबली.

"दादा," रूपाली मला म्हणाली, "मी दाबला न्हाई."

मी पाना घेऊन उतरलो. बोनेट उघडलं. सिलिंडर हाताला थंडगार. प्ले मी ठेवला होता तेवढाच, बोटाने हलवून पाहिला. ऑइल काठोकाठ. चारही चाकं मात्र जाम. बिघाड नसलेला ब्रेक लागलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. मुलगा विचारत होता, काय झालंय, दुसरी गाडी बोलवू का. मी पाना खिशात ठेवला.

डावीकडे जाऊन पट्टा काढला. चंचीतली तंबाखू मळली. माझा हात नवखा, चुना जास्त पडला. दोन चिमटी केल्या आणि दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हटलं, "उतरा, आक्का." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

पाटा कुरकुरला. जीपचं डावं अंग सावकाश वर आलं. मडकं जागचं हललं नाही.

रूपालीने दगडाकडे बघून मान हलवली. डोळे पुसून तिने ब्रेकला पाय लावला, सोडला. चाकं मोकळी झाली होती. मी मागे चढायला निघालो, तशी ती म्हणाली, "दादा, मागं कशाला? मडकं मांडीव घ्या, आन म्होरं बसा. आता जागा हाय."